कोर्दोबा नावाच्या ठिकाणांचा भिंतीवरचा नकाशा : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

वाचनालयाच्या सभागृहातील भिंतीवर सहा फूट बाय चार फुटांचा जगाचा नकाशा लावायचा आणि स्पेनमधील कोर्दोबा शहराचे नाव जगात जिथे जिथे आढळते ती गावे, प्रांत आणि संस्था त्यावर दाखवायच्या, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये. काम करणारे तिघे : मी, भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक (पुढील नोंदींत त्यांना ‘सर’ म्हटले आहे) आणि संगणकशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी. तोलेदो आणि मेरिदा ही नावेही चर्चेत होती. कोर्दोबाची निवड झाली ती या नावाखाली शहरे, प्रांत, विद्यापीठे, चलन, फुटबॉल क्लब आणि एक लघुग्रह असे सगळे प्रकार एकत्र सापडतात म्हणून. हेच काम अन्यत्र कोणाला करायचे असेल तर उपयोग व्हावा, एवढ्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

मूळ शहराचा मजकूर आजच लिहून संपवला. रोमन काळातील बेटिका प्रांताची राजधानी, 929 मध्ये स्थापन झालेल्या खिलाफतीचे केंद्र, आठव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेली मोठी मशीद, 1236 मध्ये कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो याने शहर जिंकल्यावर त्याच मशिदीचे झालेले चर्च, आणि 1984 मध्ये जागतिक वारसा यादीत झालेला समावेश, एवढे पाच ओळींत बसले. सरांना आणखी दोन परिच्छेद हवे होते. पण नकाशासमोर उभा राहणारा माणूस पाच ओळींपुढे वाचत नाही, हा मागच्या प्रदर्शनाचा अनुभव असल्याने मी ते मान्य केले नाही.

१६ जानेवारी

यादीसाठी जिओनेम्स या मुक्त स्थलनाम-संग्रहातून नोंदी उतरवून घेतल्या. स्पॅनिशमध्ये या नावाच्या पहिल्या ‘ओ’वर आघातचिन्ह असते, इंग्रजी नकाशांत ते गळते, आणि जुन्या लेखनात ‘बी’च्या जागी ‘व्ही’ येतो. त्यामुळे चारही रूपे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. पहिल्यांदा एकाच रूपावर चाळणी लावली तेव्हा खुद्द स्पेनचे शहरच यादीतून गळाले आणि त्याच्या जागी मेक्सिकोतील शेतवाड्या उरल्या, म्हणून ती चाळणी काढून टाकली.

चारही रूपे घेतल्यावर उलटी अडचण आली. संग्रहात वस्त्या, ओढे, टेकड्या, हॉटेले आणि रेल्वेस्थानके यांच्या नोंदी शेजारी शेजारी असतात आणि लोकसंख्येच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य असते. ते शून्य म्हणजे ‘माहिती नाही’, ‘वस्ती नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. त्यामुळे लोकसंख्येवरून चाळणी लावण्याचा बेत सोडून दिला आणि प्रत्येक नोंदीचा प्रकार सांगणारा रकाना पाहून फक्त गावे, शहरे आणि प्रशासकीय विभाग ठेवले. संस्थांची यादी हाताने वेगळी करायची, असे ठरले.

१९ जानेवारी

आज पहिल्यांदा सगळे बिंदू क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि अर्धी दुपार वाया गेली. स्पेनचे कोर्दोबा अल्जीरियाच्या उत्तरेस भर भूमध्य समुद्रात दिसत होते. अर्जेंटिनाचे कोर्दोबा दक्षिण हिंदी महासागरात गेले होते, मेक्सिकोचे म्यानमारमध्ये, आणि कोलंबियातील कोर्दोबा विभागाची राजधानी मोंतेरिया केरळच्या किनाऱ्यापुढे अरबी समुद्रात तरंगत होती. अलास्का आणि फिलिपिन्स मात्र जागच्या जागी होते.

अक्षांश सगळे बरोबर आणि रेखांशांची दिशा तेवढी उलटी, हे सरांच्या लगेच लक्षात आले, पण कारण सापडायला वेळ लागला. लॅटिन अमेरिकेतील आणि स्पेनमधील ठिकाणांचे अक्षांश-रेखांश विद्यार्थिनीने स्पॅनिश संदर्भांतून अंश-मिनिटांत उतरवले होते. स्पॅनिशमध्ये पश्चिमेला ‘ओएस्ते’ म्हणतात, त्यामुळे तिथे रेखांशापुढे ‘ओ’ हे अक्षर लिहिले जाते. आमच्या तक्त्यातील सूत्र मात्र इंग्रजी ‘डब्ल्यू’ दिसले तरच ऋण चिन्ह लावत होते आणि बाकी सर्व काही पूर्व धरत होते. अलास्काचा आकडा इंग्रजी संदर्भातून आला होता म्हणून तो बरोबर पडला, आणि फिलिपिन्सचे ठिकाण मुळातच पूर्वेला आहे.

सूत्रात ‘ओ’ची अट घातली आणि सगळी गावे जमिनीवर आली. स्पॅनिश, पोर्तुगीज किंवा फ्रेंच संदर्भ वापरणाऱ्यांनी हा रकाना सर्वात आधी तपासावा, कारण या तिन्ही भाषांत पश्चिमेचे अक्षर हेच आहे. आमचे बिंदू समुद्रात पडले म्हणून निदान दिसले. मेक्सिकोचे गाव म्यानमारमध्ये जमिनीवरच पडले होते, आणि ते एकटेच असते तर कदाचित तसेच छापले गेले असते.

२४ जानेवारी

मूळ आराखड्यात स्पेनच्या कोर्दोबापासून प्रत्येक ठिकाणाकडे एक लाल रेघ काढायची होती. आज प्रत्येक रेघेला आधार शोधायला बसलो आणि आराखडाच बदलावा लागला.

अर्जेंटिनाचे काम सोपे होते. खेरोनिमो लुइस दे काब्रेरा याने 6 जुलै 1573 रोजी सुकिया नदीकाठी हे शहर वसवले आणि त्याला ‘नव्या अंदालुसियातील कोर्दोबा’ असे नाव दिले. म्हणजे प्रदेशाला अंदालुसिया आणि शहराला कोर्दोबा अशी दोन्ही नावे स्पेनच्याच नकाशावरून उचलली. इथे लाल रेघ निःशंकपणे काढता येते.

मेक्सिकोतील वेराक्रूस राज्यातले कोर्दोबा मात्र तसे नाही. ते 1618 मध्ये वसले. मेक्सिको शहर आणि वेराक्रूस बंदर यांच्यामधील रस्त्याच्या संरक्षणासाठी तीस कुटुंबांनी वस्ती केली, म्हणून आजही त्याला ‘तीस सरदारांचे शहर’ म्हणतात. वस्तीला परवानगी देणारा त्या वेळचा व्हाइसरॉय होता दिएगो फेर्नांदेस दे कोर्दोबा, आणि नाव त्याच्यावरून पडले. म्हणजे शहराचे नाव घराण्याला मिळाले, घराण्याचे व्हाइसरॉयला आणि व्हाइसरॉयचे गावाला. याच गावात 24 ऑगस्ट 1821 रोजी आगुस्तिन दे इतुर्बिदे आणि हुआन ओदोनोहू यांनी मेक्सिकोच्या स्वातंत्र्याला मान्यता देणाऱ्या करारावर सह्या केल्या. म्हणून ‘कोर्दोबाचा तह’ असे शब्द दिसले की स्पेनकडे बोट दाखवू नये.

अलास्कातील कॉर्डोव्हाही याच जातीचे निघाले. 1790 मध्ये साल्वादोर फिदाल्गो या स्पॅनिश दर्यावर्दीने तिथल्या खाडीला आरमारप्रमुख लुइस दे कोर्दोवा याचे नाव दिले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केनेकॉटच्या तांब्याच्या खाणींपासून बंदरापर्यंत रेल्वे आली तेव्हा गावाने ते उचलले. हा आरमारप्रमुख जन्माने सेव्हियाचा. त्यामुळे कोर्दोबा शहरापासून अलास्कापर्यंत सरळ रेघ ओढणे म्हणजे पाहणाऱ्याला चुकीची माहिती देणेच होय.

सरांचे म्हणणे असे की मुळात आडनाव शहरावरूनच पडले आहे, तेव्हा रेघ काढायला हरकत नाही. माझे म्हणणे असे की सातारकर आडनावाच्या माणसाच्या नावाने रस्ता झाला तर त्या रस्त्याचा आणि साताऱ्याचा संबंध आपण जोडत नाही. यावर बराच खल झाल्यानंतर रेघा पूर्णपणे काढून टाकून तीन रंगांची चिन्हे वापरायची, असे ठरले. लाल चिन्ह थेट शहरावरून पडलेल्या नावासाठी, निळे एखाद्या व्यक्तीच्या आडनावावरून पडलेल्या नावासाठी आणि हिरवे अशा नावावरून पुन्हा पडलेल्या नावासाठी. रेघा काढण्यात गेलेले श्रम फुकट गेले. मात्र अलास्काकडे जाणारी रेघ गोलाच्या पृष्ठभागावरून खऱ्या अर्थाने जवळच्या वाटेने काढली की ती ग्रीनलंडकडून वळसा घेते आणि वरच्या सगळ्या अक्षरांवर चढते, हा प्रश्न त्याबरोबरच निकाली निघाला.

२८ जानेवारी

निळ्या चिन्हांचे काम. निकाराग्वाचे चलन कोर्दोबा हे 1912 मध्ये सुरू झाले आणि त्याला फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा याचे नाव आहे. याने 1524 मध्ये निकाराग्वात ग्रानादा आणि लेओन ही दोन शहरे वसवली (तीही स्पेनच्याच शहरांच्या नावांची) आणि 1526 मध्ये गव्हर्नर पेद्रारियास दाविला याने त्याचा शिरच्छेद करवला. या माहितीच्या पट्टीत विद्यार्थिनीने 1517 ची युकातानची मोहीमही घातली होती. ती काढावी लागली, कारण युकातानला गेलेला फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा हा दुसराच गृहस्थ असून तो त्याच वर्षी, मोहिमेतील जखमांनी, मरण पावला. नाव, आडनाव आणि काळ तिन्ही जुळत असल्याने हा घोळ छापील पुस्तकांतही आढळतो. मृत्यूचे वर्ष तपासणे हा त्यावरचा सर्वात जलद उपाय. निकाराग्वाच्या नोंदीसाठी राजधानी मनाग्वा न निवडता जुन्या लेओनचे अवशेष जिथे आहेत तो बिंदू घेतला. 2000 मध्ये एर्नांदेस दे कोर्दोबा आणि त्याला मारणारा पेद्रारियास या दोघांचेही अवशेष तिथल्या एकाच चर्चच्या भग्न वास्तूत सापडले, आणि त्याच वर्षी हे स्थळ जागतिक वारसा यादीत गेले.

कोलंबियातील कोर्दोबा विभाग 1951 मध्ये बोलिवार विभागातून वेगळा काढला गेला. त्याचे नाव होसे मारिया कोर्दोवा या सेनानीवरून पडले आहे. 1824 च्या आयाकुचोच्या लढाईत त्याने नाव कमावले आणि 1829 मध्ये तो मारला गेला. मेदेयिन शहराची सेवा करणारा रिओनेग्रोचा आंतरराष्ट्रीय विमानतळही त्याच्याच नावाचा आहे. विभाग आणि विमानतळ एकमेकांपासून दूर आहेत, म्हणून दोन्ही ठिकाणी स्वतंत्र निळी चिन्हे दिली.

फिलिपिन्समधील कॉर्डोव्हा हे सेबूजवळच्या माक्तान बेटाच्या दक्षिण भागातले गाव. 1521 मध्ये मॅगेलन जिथे मारला गेला तेच हे बेट. 2022 मध्ये सेबू शहराला जोडणारा मोठा पूल झाल्यापासून या गावाचे नाव बातम्यांत वारंवार दिसते. त्याच्या नावाचा खात्रीलायक उगम हाती न लागल्याने त्याला रंग न देता राखाडी चिन्ह दिले. रंग देण्याचा मोह सरांनी आवरला, हे बरे झाले.

३ फेब्रुवारी

संस्था हाताने वेगळ्या करण्याचे काम अपेक्षेपेक्षा रंजक निघाले. कोर्दोबा नावाची तीन विद्यापीठे नकाशावर घेतली. स्पेनमधील 1972 मध्ये स्थापन झालेले, अर्जेंटिनातील राष्ट्रीय विद्यापीठ, आणि कोलंबियात मोंतेरिया येथील. यांपैकी स्पेनचे आणि कोलंबियाचे यांचे स्पॅनिश नाव अक्षरशः एकच आहे, त्यामुळे शोधयंत्रात एकाचा पत्ता मागितला की दुसऱ्याचे छायाचित्र येते. आमच्या तक्त्यातही मोंतेरियाच्या नोंदीसमोर स्पेनच्या विद्यापीठाचे बोधचिन्ह लागले होते.

वयाच्या बाबतीत नावाचा क्रम उलटा आहे. मूळ शहरातील विद्यापीठ जेमतेम अर्ध्या शतकाचे, तर अर्जेंटिनाचे 1613 मध्ये जेझुइटांनी (एका कॅथलिक धर्मसंघाने) सुरू केलेल्या शिक्षणसंस्थेपासून चालत आलेले आणि त्या देशातील सर्वात जुने. 1918 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या चळवळीतून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा मिळावा ही मागणी पुढे आली आणि लॅटिन अमेरिकाभर पसरली. त्या शहरातील जेझुइटांच्या वास्तू आणि आसपासच्या त्यांच्या शेतीवाड्या 2000 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेधशाळाही तिथलीच. 1871 मध्ये ती सुरू झाली, बेंजामिन गूल्ड हे तिचे पहिले संचालक, आणि दक्षिण गोलार्धातील ताऱ्यांची मोठी नोंदवही तिथे तयार झाली. ही माहिती वाचल्यावर मूळ शहरापेक्षा या शहराची पट्टी लांब झाली आणि ती तशीच ठेवली. मजकुराची लांबी मानमरातबावरून ठरवण्याचे कारण नाही.

हिरव्या चिन्हांत सर्वात चांगली सापडलेली गोष्ट म्हणजे सेंत्राल कोर्दोबा. या नावाचे दोन फुटबॉल क्लब अर्जेंटिनात आहेत, एक रोसारिओत (1906) आणि एक सान्तियागो देल एस्तेरोत (1919). दोन्ही क्लब कोर्दोबा शहरात नाहीत आणि कोर्दोबा प्रांतातही नाहीत. ब्रिटिश मालकीच्या सेंत्राल कोर्दोबा या मीटरगेज रेल्वेच्या कामगारांमधून ते उभे राहिले आणि रेल्वेचे नाव त्यांनी घेतले. आमच्या पहिल्या यादीत दोघांनाही कोर्दोबा शहरातच बसवले होते, कारण संगणकाने नावावरून जागा ओळखली होती. कॅलिफोर्नियातील रँचो कॉर्डोव्हा हेही हिरव्यात गेले, कारण त्या गावाचे नाव कॉर्डोव्हा नावाच्या द्राक्षमळ्यावरून पडले. 2003 मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला.

न्यूयॉर्कमधील ‘कॉर्डोबा हाउस’ घ्यावे की नाही यावर मतभेद झाले. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेजवळ उभारायच्या या केंद्राचे नाव मुस्लीम, ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या मध्ययुगीन कोर्दोबातील सहवासाची आठवण म्हणून ठेवले होते, 2010 मध्ये त्यावरून मोठे वादळ उठले, आणि प्रकल्पाचे नाव पार्क 51 असे झाले. नाव टिकले नसले तरी ते थेट शहरावरून घेतलेले होते, म्हणून लाल, पण पोकळ चिन्ह. मोटारगाड्या आणि गिटारी मात्र वगळल्या, नाहीतर नकाशाचा दुकानाचा फलक झाला असता. 1893 मध्ये ऑग्युस्त शार्ल्वा याने शोधलेला 365 कोर्डूबा हा लघुग्रह कोपऱ्यात, चौकटीबाहेर.

८ फेब्रुवारी

छपाईआधीच्या तपासणीत ग्रंथपालबाईंनी भारताच्या नकाशावर बोट ठेवले. पायाभूत नकाशा आम्ही नॅचरल अर्थ या मुक्त संचातून घेतला होता आणि त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत जम्मू-काश्मीरची सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दाखवलेली असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी भारताची सीमा छापणे हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. विषय स्पेन आणि अमेरिकेचा असल्याने आमच्यापैकी कोणाचेही त्या भागाकडे लक्ष गेले नव्हते. त्याच संचात भारताच्या भूमिकेनुसार सीमा दाखवणारी वेगळी आवृत्ती मिळते. ती घेऊन सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी पडताळली आणि मग बदलली. जगाचा नकाशा छापणाऱ्या प्रत्येकाने, विषय कोणताही असो, हे पहिल्याच दिवशी करावे. दुपारच्या चहाच्या वेळी सापडले म्हणून सुटलो.

१३ फेब्रुवारी

छपाईचा पहिला प्रयत्न फसला. पीडीएफ आमच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होती, पण छापखान्यात ती कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली गेली आणि ‘कोर्दोबा’तला रफार सुटून पाय मोडलेला ‘र’ स्वतंत्र उभा राहिला, ‘सान्तियागो’तला जोडाक्षराचा सांधा निखळला आणि ऱ्हस्व वेलांट्या एकेक अक्षर पुढे सरकल्या. तिथे रोजचे काम श्रीलिपी या युनिकोडहून वेगळ्या टंकप्रणालीत चालते, युनिकोड मजकूर तसाच आत घेतला की हे होते. पूर्ण मापाचा फ्लेक्स छापून झाल्यावरच ते आमच्या नजरेस पडले, आणि 360 रुपये गेले.

दुरुस्ती सोपी आहे. क्यूजीआयएसमधून पीडीएफ काढताना मजकूर अक्षरांच्या रूपात न देता आकारांच्या रूपात द्यावा. तसा पर्याय तिथेच असतो. मग कोणत्याही संगणकावर उघडा, अक्षर हलत नाही. तोटा एवढाच की छापखान्यात ऐनवेळी शब्द दुरुस्त करता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन आधीच पक्के हवे. आम्ही सगळ्या पट्ट्या ए-थ्री कागदावर छापून तिघांनी वेगवेगळ्या वाचल्या.

१९ फेब्रुवारी

फ्लेक्सचा विचार सोडून पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या कडक पाटीवर) छापील व्हिनाइल लावून घेतले. सनबोर्डची पाटी आठ बाय चार फुटांची येते, त्यामुळे आमचे माप सांध्याशिवाय बसले. खर्च असा : वाया गेलेला फ्लेक्स 360, ए-थ्री प्रती 240, सनबोर्ड व व्हिनाइल 24 चौरस फूट 85 रुपये दराने 2040, सुताराची मजुरी आणि स्क्रू 400, एकूण 3040 रुपये. ओपनस्ट्रीटमॅप (मुक्त नकाशा-संग्रह) आणि जिओनेम्स यांची माहिती फुकट असली तरी त्यांचा नामनिर्देश करणे ही परवान्याची अट आहे. ती ओळ खाली उजव्या कोपऱ्यात आहे आणि वाचता येईल एवढ्या आकारात आहे.

नकाशा लावल्यावर मध्य अमेरिकेचा भाग फार दाटला आहे, हे पाच फुटांवरून दिसले. निकाराग्वाचे निळे चिन्ह आणि कोलंबियाच्या पट्टीची कड एकमेकांना चिकटली आहेत. पडद्यावर मोठे करून पाहताना हे कळत नाही. प्रत्यक्ष मापाचा एखादा तुकडा साध्या कागदावर छापून भिंतीवर लावून पाहायला हवा होता. तूर्त पट्टीची कड पांढऱ्या व्हिनाइलने झाकली आहे.

२६ फेब्रुवारी

वाचकांकडून आलेली एकमेव तक्रार रंगसूचीबद्दल आहे. ती तळाशी असल्यामुळे लहान मुलांना दिसते आणि मोठ्यांना वाकावे लागते. सूचीची दुसरी प्रत वरच्या बाजूला चिकटवणार आहोत. राखाडी चिन्हाविषयी अजून कोणी विचारलेले नाही, तरी माक्तानच्या गावाचा उगम मिळाला की रंगीत टिकली वरून लावता यावी म्हणून तिन्ही रंगांच्या टिकल्या ग्रंथपालबाईंच्या खणात ठेवल्या आहेत.

पुढचा नकाशा मेरिदाचा. युकातानमधील 1542 चे, व्हेनेझुएलातील 1558 चे आणि स्पेनमधील रोमन काळापासूनचे, अशी तीन ठिकाणे आजच तक्त्यात भरली. रेखांशाच्या रकान्यातील ‘ओ’ची अट आधीच घालून ठेवली आहे.